जुनी पिकअप, मागे ट्रेलर आणि न हलणारा आरसा

माझ्याकडे १९९६ ची फोर्ड एफ-२५० आहे, डिझेल इंजिनाची. तिच्यामागे आम्ही २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर ओढतो. फोर्ट कॉलिन्सहून कधी पश्चिमेला कोलोरॅडोच्या डोंगरांत, तर कधी उत्तरेला वायोमिंग ओलांडून यलोस्टोनकडे. इंजिन, गिअर, हिच, ब्रेक यांवर सल्ला देणारी माणसं इथे पावलोपावली भेटतात. आरशांचा विषय निघाला की मात्र बहुतेकांचं उत्तर एकच असतं : मोठे घ्या. मला ते अपुरं वाटतं. मोठा आरसा हलत असेल तर त्यात दिसतं ते मोठं पण धूसर चित्र. आरसा स्थिर हवा, आणि जुन्या गाडीवर ही स्थिरता आरशाच्या आधी दरवाजात शोधावी लागते. दुकानात हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो आहे.

१. आधी टेप घ्या, मग दुकान गाठा.

माझ्या पिकअपची रुंदी, आरसे सोडून, सुमारे ७९ इंच आहे. ट्रेलर ९६ इंच रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंनी तो गाडीच्या बाहेर आठेक इंच येतो. रुंद ट्रेलर १०२ इंचांपर्यंत असतात, तिथे हाच आकडा साडेअकरा होतो. आरशाची बाहेरची कड ट्रेलरच्या भिंतीच्या रेषेबाहेर गेली पाहिजे. ती आत राहिली तर ट्रेलरचा पुढचा कोपराच नजर अडवतो. शेजारची लेन तिरकी दिसते, पण ट्रेलरच्या भिंतीलगतचा रस्ता आणि त्याच्या मागे आलेली गाडी दिसत नाही. टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे कायदे मागचा किमान २०० फूट रस्ता आरशात दिसला पाहिजे असं स्पष्ट म्हणतात. मी ही अट कायदा म्हणून पाळत नाही, गरज म्हणून पाळतो.

आमच्या सांगलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला मान वळवून मागे पाहतो आणि त्याचं निभतं, कारण त्याचा वेगच तेवढा असतो. ताशी ६५ मैलांवर मान वळवलेल्या एका सेकंदात गाडी ९५ फूट पुढे गेलेली असते. आणि मान वळवूनही दिसतं काय, तर ट्रेलरची पांढरी भिंत. आरशाशिवाय दुसरा डोळा नाही.

२. हलतंय काय, ते बोटांनी शोधा.

हे मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. आरसा थरथरतो म्हणून लोक नवा आरसा आणतात, आणि तोही थरथरतो. कारण आरशाची काच आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पाच सांधे आहेत. काच तिच्या खोक्यात बसते, खोकं दांडीवर, दांडी ब्रॅकेटवर, ब्रॅकेट दरवाजाच्या पत्र्यावर आणि दरवाजा बिजागऱ्यांवर. या पाचांपैकी एक जरी ढिला असला तरी शिक्षा काचेला होते.

गाडी बंद करून उभी करा. एका हाताची दोन बोटं सांध्यावर ठेवा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या पुढचा भाग हलवा. डोळ्यांना न दिसणारा खेळ बोटांना लगेच कळतो. विजेवर फिरणाऱ्या आरशांत काच मागच्या मोटरच्या प्लेटवर नुसती चापून बसवलेली असते. ती सैल झाली असेल तर काचेच्या कडेला हलकं दाबताच टकटक होते. तिथे दांडी बदलून काही उपयोग नाही. खोकं दांडीवर जिथे वळतं, तिथे आत स्प्रिंग किंवा लाटेसारखा वॉशर असतो. वर्षानुवर्षं दाबून त्याचा ताण जातो. नवा वॉशर काही डॉलरांत येतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं. नट पुन्हा ढिला होऊ नये म्हणून नायलॉनची कडी असलेला नट वापरावा, किंवा निळा थ्रेडलॉकर लावावा. लाल लावू नका, पुढे खोलताना तापवावा लागतो.

थरथर कधी येते, यावरूनही बरंच कळतं. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना आरसा कापत असेल, तर इंजिनाचे रबरी माउंट पाहा. जुन्या डिझेलमध्ये ते बहुधा दबलेले असतात. ठरावीक वेगाला थरथर सुरू होऊन पुढे थांबत असेल आणि गिअर बदलून फरक पडत नसेल, तर चाकांचं बॅलन्सिंग, टायर किंवा प्रोपेलर शाफ्ट यांच्याकडे बोट दाखवा. वेग वाढेल तशी सतत वाढत जात असेल, तर मात्र दोष दांडीचा आणि वाऱ्याचा. आरशाच्या नावावर चाकाचा दोष खपवला जातो आणि पैसे दोनदा जातात, असं मी इथे अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

३. दरवाजा उचलून पाहा.

माझ्या शेजारी एक निवृत्त गव्हाचे शेतकरी राहतात. आयुष्यभर जनावरांचे ट्रेलर ओढलेला माणूस. जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी दरवाजा उचलून पाहावा, असं ते सांगतात, आणि हा सल्ला मला सोन्यासारखा वाटतो. दरवाजा वीतभर उघडायचा, त्याची मागची कड दोन्ही हातांनी धरायची आणि वर उचलायची. दरवाजा वर-खाली होत असेल तर बिजागरीची पिन आणि तिच्यावरचं पितळी बुश झिजलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या पिकअपचा ड्रायव्हरकडचा दरवाजा हजारो वेळा उघडलेला असतो. त्याच दरवाजावर आपण दीड-दोन फूट बाहेर येणारा आरसा लटकवतो आणि तो स्थिर राहावा अशी अपेक्षा धरतो.

पिन-बुशचा संच स्वस्त आहे. काम मात्र दोघांचं : एकाने दरवाजा तोलून धरायचा, दुसऱ्याने जुनी पिन ठोकून काढायची. दरवाजाखाली जॅक लावला तर त्यावर जाड फडकं ठेवा. पिन बदलल्यावर दरवाजा किंचित वर येतो, त्यामुळे खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे ज्यात कुलूप अडकतं तो खुंटा, पुन्हा जुळवावा लागतो. तो थोडा आत सरकवला की दरवाजा घट्ट बसतो. आणि चौकटीभोवतीचं रबर हातात घेऊन बघा. ते चपटं, कडक झालं असेल तर बंद दरवाजासुद्धा चौकटीत थरथरत राहतो. माझ्या गाडीत पिना, स्ट्रायकर आणि रबर एवढंच केल्यावर, जुन्याच आरशांत, मागच्या गाडीचे दोन दिवे दोनच दिसू लागले.

हीच माझी कसोटी आहे. रात्री मागे गाडी असताना तिचे हेडलाइट दोन ठिपके दिसले तर आरसा स्थिर आहे. त्यांच्या रेघा ओढल्या गेल्या तर नाही. यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

४. पट्ट्याचे आरसे : मर्यादा ओळखून घ्या.

गाडीच्या मूळ आरशावर रबरी पट्ट्यांनी अडकवायचे जोड-आरसे सगळ्यांत स्वस्त. वर्षातून एखाद्या वेळी, जवळच्या तलावापर्यंत ट्रेलर नेणाऱ्याला ते चालतील. पण त्यांचं गणित मुळातच प्रतिकूल आहे. दांडीची लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने तिचं टोक आठपट वाकतं. इथे तर मूळ आरशाची दांडी, तिच्यावर पट्टा आणि पट्ट्यावर दुसरी दांडी अशी उतरंड असते. मूळ आरशाच्या स्प्रिंगवर दुप्पट भार येतो आणि जोराच्या झोतात दोन्ही आरसे मिळून आत वळतात.

घ्यायचेच असतील तर पट्ट्यांऐवजी स्क्रूने आवळायचे क्लॅम्प असलेले घ्या. मिलेन्को या ब्रिटिश कंपनीचे या प्रकारचे आरसे युरोपात कॅरॅव्हॅन ओढणारे वापरतात, ते जुन्या अमेरिकन पिकअपच्या खोक्यावरही बऱ्यापैकी बसतात. बसवण्याआधी खोकं अल्कोहोलने पुसा. प्लॅस्टिक चमकवायचा तेलकट द्रव त्यावर असेल तर जगातला कोणताही क्लॅम्प घसरतो. फेंडरला चुंबकाने किंवा हवेच्या पकडीने चिकटवायचे आरसे मी हायवेसाठी सुचवणार नाही. थंडीत रबर कडक होतं आणि पकड जाते.

५. त्रिकोण विश्वासाचा.

मोठ्या ट्रकांचे जुने उभे आयताकृती आरसे आठवा. त्यांना वरून एक आणि खालून एक अशा दोन दांड्या, कधी तिसरी तिरकी, त्रिकोण करणारी. इथे त्या धाटणीला वेस्ट कोस्ट मिरर म्हणतात. दिसायला ओबडधोबड, पण एका दांडीवर लोंबणारा आरसा डोलतो, दोन-तीन ठिकाणी धरलेला डोलत नाही. ऐंशीच्या दशकातल्या किंवा त्याआधीच्या पिकअपसाठी मी अजूनही हेच आरसे सुचवेन. फक्त दरवाजाच्या पातळ पत्र्यावर ते नुसते स्क्रूने लावू नका. आतलं पॅनेल काढा, पत्र्याच्या मागे दोन-तीन मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी द्या आणि बोल्ट तिच्यातून आवळा. पाडलेल्या भोकांच्या कडांना प्रायमर लावा, नाहीतर दोन हिवाळ्यांत रस्त्यावरचं मीठ तिथून गंज चढवतं. ब्रॅकेटखालचं गॅस्केट पातळ आणि घट्ट हवं. जाड, मऊ रबर टाकलं की पाणी थांबतं, पण आरशाला गादी मिळते आणि तो तिच्यावर डोलतो.

६. पुढच्या पिढीचे आरसे मागच्या पिढीवर.

नियमित ट्रेलर ओढणाऱ्यासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. फोर्डने १९९९ मॉडेलपासून सुपर ड्युटी ही मालिका आणली. तिच्यावर बाहेर सरकणारे टोइंग मिरर मिळत. दांड्या दोन, समांतर. ट्रेलर असेल तेव्हा बाहेर ओढायचे, नसेल तेव्हा आत ढकलायचे. १९९७ पर्यंतच्या एफ-२५० आणि एफ-३५० वर हे आरसे बसवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. दरवाजाचा आकार वेगळा असल्याने मध्ये अडॅप्टर प्लेट लागते, ती तयार मिळते. १९८८ ते १९९८ च्या शेव्हरोलेट सी/के साठी बाहेर सरकणारे, आणि १९९४ ते २००१ च्या डॉज रॅमसाठी उभे-आडवे वळणारे आरसे थेट बसतील असे बाजारात आहेत.

इथे एक इशारा. थेट बसतात म्हणजे स्थिर असतात असं नाही. नकली बनावटीच्या स्वस्त जोड्यांत सरकत्या दांडीच्या खोबणीत एवढा खेळ असतो की आरसा पूर्ण बाहेर काढल्यावर तो मान डोलावतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी नवी कोरी जोडी आणली आणि पहिल्याच प्रवासात तिच्या काचेत मागचा ट्रक ओळखू येईना. मी स्वतः भंगार यार्डातून मूळ कंपनीचे वापरलेले आरसे शोधणं पसंत करतो. इथे स्वतः पाना घेऊन जाऊन भाग काढून आणता येतील अशी यार्डं शहरोशहरी असतात. तिथे आरसा गाडीवर असतानाच तपासा : पूर्ण बाहेर ओढा, टोक धरून वर-खाली आणि पुढे-मागे ढकला, मग आत घाला आणि तेच करा. दोन्ही स्थितींत घट्ट असेल तरच पान्याला हात घाला. वायर कापायची वेळ आली तर लांब ठेवून कापा. आपल्या गाडीत विजेवर फिरणारे आरसे नसतील तर सरळ हाताने फिरणारे घ्या. त्यांत मोटर नाही, म्हणून मोटरच्या प्लेटचा ढिलेपणाही नाही. काच तापवणारी वायर मात्र असेल तर ती जोडून घ्यावी. कोलोरॅडोतल्या ऑक्टोबरच्या सकाळी काचेवरचं दव गोठलेलं असतं.

अडॅप्टर प्लेट बसवताना तिसऱ्या मुद्द्यातला दरवाजा आधी दुरुस्त केलेला असावा. सैल दरवाजावर हे जड आरसे लावले तर बिजागऱ्या उरल्यासुरल्याही जातात.

७. वारा वेगाच्या वर्गाने वाढतो.

ताशी ६० ऐवजी ७० मैलांनी गेलात तर आरशावरचा वाऱ्याचा जोर एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. ६० ने जाताना समोरून ३० मैलांचा वारा आला तर तोच जोर सव्वादोन पट होतो. वायोमिंगमधला आय-८० महामार्ग, विशेषतः लॅरमी ते रॉलिन्स हा एल्क माउंटनजवळचा पट्टा, वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. रस्त्यावरच्या फलकांवर झोतांचा वेग दाखवतात आणि हलक्या, उंच गाड्यांना कित्येकदा बंदी असते. ट्रॅव्हल ट्रेलर हलकाही असतो आणि उंचही. बंदी असेल तर थांबायचं, आरसे कितीही चांगले असले तरी. बंदी नसेल तेव्हाही मी तिथे ५५ च्या आसपास राहतो. त्या वेगाला ट्रेलर सरळ चालतो आणि आरसा वाचता येतो. अठराचाकी ट्रक ओलांडून जातो तेव्हा त्याच्या पुढची हवा आधी आपल्याला बाहेर लोटते, मग तो पुढे सरकताना आत खेचते. हे दोन्ही धक्के येण्याआधी तो ट्रक आरशात दिसला असेल तर हात स्टिअरिंगवर तयार असतात. स्थिर आरशाचा खरा मोबदला हा आहे.

८. सपाट आणि फुगीर, दोन्ही हवेत.

अमेरिकन नियमानुसार ड्रायव्हरकडची मुख्य काच सपाट असते, म्हणजे वस्तू आहे त्या मापाची दिसते. पलीकडची फुगीर चालते, आणि तिच्यावर वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत ही सूचना असावी लागते. फुगीर काच जास्त जागा दाखवते, पण गाड्या लहान आणि दूर भासवते. लेन बदलण्याचा निर्णय शक्यतो सपाट काचेवर घ्या. खालची छोटी फुगीर काच ट्रेलरची चाकं आणि वळणावरचा कठडा पाहण्यासाठी ठेवा. चिकटवायचे गोल ठिपके-आरसे मुख्य काचेच्या मधोमध लावू नयेत, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावावेत.

९. आरसे लावायला दोन माणसं लागतात.

ड्रायव्हर आपल्या नेहमीच्या बैठकीत, पट्टा बांधून. ट्रेलर सरळ रेषेत जोडलेला. दुसरं माणूस ट्रेलरच्या मागे ६० मीटरवर, म्हणजे सुमारे २०० फुटांवर, आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूला उभं राहतं. आमच्याकडे हे काम मुलगी करते, हातात लाल बादली घेऊन. आरशाच्या आतल्या कडेला ट्रेलरची भिंत अगदी बारीक पट्टीएवढीच दिसावी, बाकी सगळा रस्ता. बादली दिसली की सांधे आवळायचे. जेवायला थांबलो की पुन्हा एकदा पाहायचं, कारण पाठीमागे उशी घेतली किंवा जागा बदलली तरी डोळ्यांची उंची बदलते.

१०. ट्रेलरचं चाक दिसलंच पाहिजे.

कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा लांब उतार आहे. अशा उतारावर ट्रेलरच्या ब्रेकचा धूर असो वा टायरचा सुटलेला थर, पहिली बातमी आरसाच देतो. एका उन्हाळ्यात नेब्रास्काच्या सपाट रस्त्यावर माझ्या बायकोला उजव्या आरशात ट्रेलरच्या मागच्या चाकाजवळ काहीतरी काळं फडफडताना दिसलं. टायरचा वरचा थर सुटायला लागला होता. पिकअपमध्ये ना आवाज आला, ना धक्का. रस्त्याच्या कडेला घेऊन चाक बदललं आणि ट्रेलरच्या तळाचा पत्रा, पाण्याची टाकी, वायरी शाबूत राहिल्या. थरथरत्या आरशात ती फडफड आणि आरशाची थरथर यांत फरक कळला नसता.

आता मागे कॅमेरा लावण्याची सोय आहे आणि मीही लावला आहे. ट्रेलर मागे घेताना तो उत्तम. पण तो ट्रेलरच्या मागचं दाखवतो, बाजूचं नाही. पावसात, चिखलात त्याची काच माखते आणि आपल्याला थांबल्याशिवाय पुसता येत नाही. कॅमेरा जास्तीचा असावा, आरशाच्या जागी नव्हे.

उन्हाळा आला की इथल्या मराठी मंडळींतली अनेक कुटुंबं मित्राची पिकअप मागून घेतात, ट्रेलर भाड्याने घेतात आणि मुलांना घेऊन राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे : चावी हातात घेताना टोइंग मिरर मागा. मिळाले तर बसवून, दरवाजा उचलून, पाचही सांधे हलवून पाहा. नसतील, किंवा हलत असतील, तर त्या दिवशी ट्रेलर जोडू नका.